इल्केरला सांगायचं होतं

आठ नंबरच्या निळ्या लोहचुंबकाचा कडेला टवका उडालेला होता आणि नेवझतच्या अंगठ्याला तो बरोबर सापडत होता... सकाळपासून ते त्याच्या मुठीतच होतं. संघाची मांडणी दाखवायच्या फळ्यावर उरलेली दहा, एकेका खेळाडूचं एकेक. चहा निवून गेला होता. खिडकीबाहेर तुर्कस्तानातल्या गिरेसूनचा समुद्र उन्हात पसरलेला, अलीकडे मैदानावर पोरं – त्यांतली निम्मी आता बाप झालेली – एकमेकांना चिडवत धावत होती, आणि एवढी चांगली सकाळ असताना आपण अजून आतच का बसलोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी हंगामाचा शेवटचा सामना. जिंकला तर त्यांचा फुटबॉल क्लब बारा वर्षांनी वरच्या विभागात. आणि मध्यफळीतली ती जागा – कप्तानाची, पस्तिशीच्या इल्केरची – तरुण सेरतानला द्यायची, हे प्रशिक्षक म्हणून त्यानेच ठरवलं होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं.

तो खेळायचा तेव्हा त्याला स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरात, कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर संघाची यादी चिकटवलेली होती. ती त्याने दोनदा वाचली, मग खालून वर – जणू नाव घरंगळून तळाशी पडलं असेल. अकरा वर्षं, तीनशेवर सामने, देशाकडून एकदाच, शेवटची नऊ मिनिटं, आणि त्या नऊ मिनिटांत चेंडूला पाय लागला तो चारदा... घरी येऊन तो बायकोला, फेरीदेला, एवढंच म्हणाला, की आज हम्सी तळ. ती तळत राहिली, तो खात राहिला, आणि शेवटी तीच म्हणाली, की इतके मासे माणूस सुखात खात नाही.

त्याने इल्केरला आत बोलावलं, दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

इल्केर खुर्चीत बसला. खेळाडू नेवझतला होजा म्हणत, शाळेतल्या मास्तरांना म्हणतात तसं.

"तीन आठवडे वाट बघतोय, होजा. म्हटलं, हा माणूस मला म्हातारा करूनच सांगणार."

"तुला कळलं होतं?"

"आधी गुडघ्याला कळलं. मग बायकोला. मी तिसरा."

नेवझतला हसू आलं, पण इल्केर आपल्या हातांकडे बघत होता.

"मला रविवारी खेळायचं होतं. एवढं मात्र ऐकून ठेवा."

"ऐकलं."

समजुतीचे पुष्कळ शब्द नेवझतने रात्रभर जुळवून ठेवले होते. त्यांतला एकही त्याने काढला नाही. मग इल्केर उठून फळ्यापाशी गेला आणि म्हणाला, की सेरतान चेंडू यायच्या आधी मागे वळून बघत नाही, ती खोड मोडायला हवी. मी बोलू का?

"तूच बोल. माझं ऐकून त्याचे कान किटलेत."

अर्ध्या तासाने नेवझत मैदानाच्या कडेला उभा होता. इल्केर सेरतानच्या मानेवर हात ठेवून काहीतरी सांगत होता, शिव्या देत असावा, कारण सेरतान हसत होता. खेळ सुरू झाला. चेंडू येण्याआधी सेरतानने खांद्यावरून मागे पाहिलं आणि न थांबता तो डावीकडे, मोकळ्या गवतात सोडला – नेमका तिथे, जिथे नेवझतला तो पास क्षणभर आधी दिसला होता. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपला उजवा पाय हलला नाही. इतकी वर्षं असा प्रत्येक पास त्याच्या बुटातून आधी निघायचा, बोटं आत वळायची, मांडी ताठ व्हायची, आणि मग दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागलेला बघून मनात बारीक ठणका... आज पाय नुसता जमिनीवर होता. त्याने थोडी वाट पाहिली. खिसा चाचपावा तसा तो ठणका शोधला. नव्हता. गेला म्हणावं, तर कधी? आणि परत येईल का, रविवारी, हरलो तर?

येवो. मला नुसतं बघता येतंय, त्याला वाटलं, आणि बाकावर बसून त्याने दोन्ही पाय उन्हात लांब सोडले.