कुरवंड्याच्या माळावरचे चाळीस दिवे

माझी सून कौमुदी संध्याकाळी घरी आली ती चपला न काढता पायरीवरच बसली. कुरवंड्याच्या माळावर एका ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं आणि गर्दीसाठी आसपासच्या बायका जमवून नेण्याचं काम तिला मिळालं होतं. तिचं पहिलंच काम. त्या दिवशीचा सीन पाच वेळा फुकट गेला होता.

सीन असा. जुलमी सुभेदार वर्षानुवर्षं गावाचं धान्य लुटून नेतोय. शेवटी गाव ठरवतं. तिन्हीसांजेला चाळीस घरांतल्या बायका दारातले दिवे फुंकतात, आणि गाव काळोखात गेलं की डोंगरात दबा धरून बसलेली माणसं उतरून ठाण्यावर तुटून पडतात. बायकांनी फक्त फुंकर मारायची. पण एकीनेही मारली नाही. कोणी पदराने वारा घातला, कोणी नुसतीच दिव्याकडे बघत बसली.

धवल म्हणून सहायक दिग्दर्शक होता. त्याने कौमुदीला सांगितलं होतं, उद्या जमलं तर पुढचे वीस दिवस तुमच्याच बायका. नाही जमलं तर मुंबईहून मुली बोलावतो.

"आई, उद्या एक जण कमी आहे. तुम्ही याल?" ती म्हणाली. "तुम्ही फुंकलात की बाकीच्याही फुंकतील. निम्म्या तुमच्या भजनातल्याच आहेत."

मी म्हटलं, येईन, पण फुंकणार नाही. सव्वीस वर्षं तिन्हीसांजेचा दिवा मी माझ्या हाताने लावते; तोंडाने कधी विझवलेला नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या दिव्याचं ह्यांना सांगून मी तिच्याबरोबर गेले.

माळावरची घरं प्लायवूडची होती, वरून शेणमातीचा लेप. आर्टवाल्यांनी पणत्यांत तेल घातलं. माझं दार ओळीत शेवटचं. माझ्यापर्यंत येता येता त्यांची बाटली तळाला गेली होती.

पहिल्या टेकला दिवे लागले आणि चाळीसही जणींनी हात जोडले. मीसुद्धा. धवलने कट केलं. तुम्ही सुभेदाराच्या धाकातल्या बायका आहात, त्याने समजावलं, मध्येच नमस्कार कसला? दुसऱ्या टेकला आम्ही हात आवरले, पण फुंकर कोणी मारेना.

माझ्या शेजारच्या दारात कुरवंड्याच्याच लीलाबाई होत्या. धवल त्यांच्यापाशी आला.

"तोंडानं इझवला तर घरातनं लक्ष्मी उठून जाती," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे घर प्लायवूडचं आहे."

"ते तुला म्हाईत. तिला कुटं म्हाईत?"

बायका हसल्या. धवल हसला नाही. नागफणीच्या सुळक्यामागे उजेड उतरायला लागला होता. कौमुदी कॅमेऱ्यामागे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

मी धवलला म्हटलं, तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईनेही दिवा फुंकला नसता. काडीने वात मागे तेलात ओढली की ज्योत आपसूक बुडते, आम्ही तसंच करतो. तो दिग्दर्शकांशी बोलून परत आला. एकच टेक होईल, म्हणाला, उजेड तेवढाच आहे. आणि शेवटी एकही दिवा दिसता कामा नये.

माळावरच्या गवताच्या काड्या सगळ्यांनी हातात घेतल्या. टेक सुरू झाला. पहिल्या दारापासून एकेक ज्योत खाली जात आली. लीलाबाईंचीही गेली. मी वात ओढली, पण पणतीत तेलच नव्हतं. वात आडवी पडून जळत राहिली. पुन्हा ओढली, तर काडीच पेटली. सगळ्या माळावर आता फक्त माझ्या दारात उजेड होता. कौमुदीकडे मी पाहिलं नाही. ती कुठे उभी आहे ते मला ठाऊक होतं.

मी फुंकर मारली.

डोंगराच्या बाजूने आरोळी उठली आणि माणसं भाले घेऊन धावत उतरली. थोड्या वेळाने धवल ओके म्हणाला. उद्या सातला सगळ्यांना घेऊन या, असं त्याने कौमुदीला सांगितलं.

लीलाबाई उठता उठता माझ्याकडे वळल्या. "बाई, चाळिसात तुमीच निघालात व्हय?"

"तेल नव्हतं हो."

"मग देवाला तसं सांगा. ऐकतोय त्यो."

घरी ह्यांनी दिवा लावून ठेवला होता. मी हात जोडले, तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरला. कौमुदीला कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

सकाळी ती निघायच्या तयारीत होती. तिच्या पिशवीत डब्याशेजारी ओट्यावरची तेलाची बाटली दिसली, काठोकाठ भरलेली. मी विचारलं, ही कशाला?

"त्यांची माणसं दिव्यात तेल कमी घालतात, आई," ती म्हणाली. "आजपासून मी घालणार. शेवटच्या दारापासून."