शेडखालची जागा

दौलतरावांच्या दहा वर्षं जुन्या गाडीतला एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा पेटला, तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमधल्या राजरत्नच्या गॅरेजात बसलेल्या गिऱ्हाइकांना फुकटात तमाशा मिळाला.

"डुप्लिकेट सेन्सर घातलास तू. दुसरं काय!" दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

राजरत्नचं डोकं सणकलं. बारा वर्षांत त्याच्या मालाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने वायर तपासली होती, दुसऱ्या खेपेला सेन्सरच बदलला होता. आज त्याने सगळ्यांदेखत चाक खोललं आणि सेन्सर बाहेर काढला. चाकाचा वेग मोजणाऱ्या त्या बोटभर तुकड्याच्या टोकाला लोहचुंबक असतं, आणि त्या चुंबकाला चांगली काळी दाढी फुटली होती.

"हा लोखंडाचा कीस. गाडी लावता कुठं?"

"आनंदनगरला, कंपनीत. ग्राइंडिंग खात्याची हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यामागं, शेडखाली." दौलतरावांची मान ताठ झाली. "चार वर्षं भांडून मिळवलीय ती सावली. मॅनेजरची गाडी उन्हात तापते, माहितीय?"

"मग तो पंखाच चाकांवर कीस ओततोय. जागा बदला. त्यावरही दिवा लागला, तर माझं नाव बदला."

गिऱ्हाइकं हसली. राजरत्नला वाटलं, सुटलो.

दौलतरावांनी कीस बोटावर घेऊन निरखला आणि रुमालाला पुसला.

"जागा काय सोडत नाय आपण. तू असं कर, दिव्याचा बल्बच काढ."

"बल्ब नाय काढणार. उद्या चाक घसरलं, तर परत माझंच नाव घ्याल."

सेन्सर पुसून जागेवर बसवताना राजरत्न पुटपुटला, "या मग परत, पुढच्या महिन्यात."