चांगली बाजू

"अहो, ते पाकीट वाजवू नका ना. एकदाचं फाडा आणि मोकळे व्हा."

"मी कुठं वाजवतोय? ते आपोआप वाजतंय."

पुढच्या रांगेतल्या माणसाने मान वळवून पाहिलं. ताईंनी कपाळाला हात लावला. पडद्यावर नायिका पलंगावर पडली होती आणि कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याकडे सरकत होता. या एका दृश्यासाठी ताई सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. रंगभूषेचा यंदाचा सगळ्यात मोठा पुरस्कार या सिनेमाला मिळाला होता. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली बाई. आणि ती उभी करणारी नटी प्रत्यक्षात ठणठणीत.

"अगं, पण बोलत का नाही ही?"

"तिला झटका आलाय! मघाशी काय पाहत होतात तुम्ही?"

"मघाशी मी पाणी आणायला गेलो होतो."

कॅमेरा आता इतका जवळ गेला होता, की पडद्यावर फक्त चेहरा उरला. आयुष्यभर लोकांची तोंडं रंगवली होती त्यांनी. कुठे काय चिकटवलंय, कुठे रंग बदललाय, हे त्यांना शोधावं लागत नसे, ते दिसतच असे. इथे काही दिसेना. ओठाचा कोपरा खाली गेलेला होता, हे कुणीही केलं असतं. पण नाकापासून ओठापर्यंतची घडी त्या बाजूला जवळजवळ पुसली गेली होती. गाल सपाट. खालची पापणी किंचित सुटलेली. आणि मग ताईंच्या लक्षात आलं तशा त्या खुर्चीत पुढेच सरकल्या. त्या रंगभूषाकाराने दुसऱ्या बाजूलाही हात लावला होता! धडधाकट गालावरची घडी त्याने खोल केली होती, तो कोपरा जरासा वर चढवला होता. म्हणून वाकडी बाजू एवढी वाकडी वाटत होती. खरं काम चांगल्या बाजूवर होतं.

"कसला हुशार मेला," ताई पुटपुटल्या.

"कोण? डॉक्टर?"

"खा तुम्ही."

सिनेमा संपला. नावं सुरू झाली. तो माणूस कोण, त्याच्या हाताखाली किती जण होते, हे ताईंना वाचायचं होतं. पण दिवे भप्पकन लागले, लोक उठून नेमके पडद्यासमोर उभे राहिले, आणि कोपऱ्यातून झाडूवाली आत आली. "चला, पाय वर घ्या." ताई उजवीकडून वाकल्या, डावीकडून वाकल्या. कुणाच्या तरी टोपीआड रंगभूषाकाराचं नाव येऊन गेलं.

बाहेर पडताना नवरा म्हणाला, "सिनेमा बरा होता. पण मेकअपचं बक्षीस कशाला दिलं? तिनं तर साधी लिपस्टिकपण लावली नव्हती."

ताई झपाझप पुढे चालायला लागल्या. नवऱ्याला वाटलं, पाकिटावरून रागावल्यात.

*

ताईंना त्या चेहऱ्याची एवढी गरज पडण्याचं कारण माई होत्या.

माई म्हणजे ज्या मालिकेवर ताई काम करत होत्या, तिच्यातली आजी. मालिका इतकी वर्षं चालली होती, की त्यांचं खरं नाव चहावाल्यालाही आठवत नसे. सेटवर सगळे माईच म्हणत. मध्ये चित्रीकरणाला सुट्टी होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी माई सगळ्यांच्या आधी मेकअप रूममध्ये येऊन बसल्या होत्या, तोंडाभोवती शाल गुंडाळून.

"दार लाव," त्या म्हणाल्या. आणि शाल काढली.

ताईंच्या हातातली डबी टेबलावर आपटली. माईंच्या तोंडाची डावी बाजू उतरली होती.

"झटका?"

"छोटासा. हातापायाला काही नाही, बघ, चालत आले. बोलणंही येतं. फक्त हे तेवढं राहिलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आराम करा म्हणाले. सगळेच म्हणतात. तू लवकर सुरू कर."

"माई, तुम्हाला काही कळतं का? हे काय पुटकुळी झाकायचं काम आहे? सरळ सांगा ना त्यांना, थांबतील चार दिवस."

"थांबतील? तो नायक तापाने फणफणला होता तर त्याच्या डुप्लिकेटच्या पाठीवर दोन भाग काढले यांनी. माझ्यासाठी थांबणारेत? दुसरी म्हातारी आणतील. आणि मी घरी बसून काय करू? टीव्ही लावला तर त्यात हेच लागलेलं असतं."

ताई चिडल्या, बडबडल्या, त्यांचा मुलगा परदेशात आहे त्याला फोन लावायची धमकीही देऊन झाली. माई आरशात बघत शांत बसून राहिल्या. शेवटी ताईंनीच ब्रश उचलला. त्यांनी केसांच्या टोपाच्या आत, कानशिलापाशी पट्टी लावून गाल वर ताणला. तोंड सरळ झालं, पण मागून कुणीतरी केस ओढतंय असं माई दिसायला लागल्या. पट्टी सैल केली की तोंड पुन्हा उतरे. काही दिवस 'आजीला सर्दी झाली' म्हणून तोंडापुढे रुमाल धरून निभावलं, काही दिवस उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करून. असं किती दिवस चालणार?

सिनेमा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ताई तरातरा आल्या आणि त्यांनी माईंच्या उजव्या गालाला हात घातला.

"अगं, हा चांगला आहे! याची कशाला वाट लावतेस?"

"हा फार चांगला आहे, तोच घोळ आहे. हलू नका."

त्या माणसाने जे केलं होतं, ते ताईंनी उलटं केलं. चांगल्या बाजूची घडी त्यांनी फिकट रंगाने भरून काढली, कोपऱ्याची सावली उडवली, ओठाची रेघ केसभर खाली आणली. मग डावीकडे, जी घडी पुसली गेली होती, ती हलक्या तपकिरी रंगाने पुन्हा काढली. पट्टी ताणली, पण निम्मीच. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ येत गेल्या आणि मध्ये कुठेतरी भेटल्या. आरशात पूर्वीच्या माई नव्हत्या; जरा थकलेल्या, जरा जास्त म्हाताऱ्या अशा होत्या. पण सरळ होत्या.

माईंनी मान वळवून दोन्ही गाल पाहिले. मग म्हणाल्या, "वय वाढवलंस माझं."

"तुम्हाला हवंय तरी काय नक्की?"

सेटवर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दिग्दर्शक, ताईंच्या मुलाच्या वयाचा, दिवसभर कानाला फोन लावून फिरणारा, जाता जाता म्हणाला, "ताई, माई आज डल का दिसतायत? जरा ग्लो द्या ना."

ताईंनी दात आवळले आणि 'हो सर' म्हटलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होतं, आणि या माणसाला ग्लो हवा होता. सांगायची तर सोय नाही. घरी येऊन नवऱ्याला तरी सांगावं, तर तो पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे. त्या पुरस्कारवाल्याचं बरं होतं. त्याने वाकडं केलेलं साऱ्या जगाला दिसलं. ताईंनी सरळ केलेलं दिसलं असतं, तर काम फसलं असतं.

त्या एकट्याच पुन्हा त्या सिनेमाला जाऊन आल्या. या वेळी पुढे बसल्या. मान धरली, पण नायिका हसते तेव्हा तिची पापणी कशी मागे राहते ते नीट पाहता आलं.

*

असे महिने गेले. पहाटे दार लावून दोघींचं काम चाले आणि भांडणही. माईंनी तोंडाचे व्यायाम केले नाहीत म्हणून ताई ओरडत. ताईंचे हात गार आहेत म्हणून माई. आणि एक दिवस दिग्दर्शक मेकअप रूममध्ये डोकावला.

"माई, एक सांगायचं होतं. म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका. आजीचा ट्रॅक संपवतायत वरचे. प्रेक्षकांना आता तरुण मंडळी हवीयेत. बुधवारी शेवटचा सीन. झोपेत जाते आजी, एकदम शांत."

"बरं," माई म्हणाल्या.

"ताई, त्या दिवशी माई सुंदर दिसायला हव्यात हं."

तो गेला. ताईंनी ब्रश टेबलावर फेकला. "झालं! एवढी मरमर केली ती कशासाठी? तुम्हाला काढतील म्हणून! आणि काढलंच शेवटी, तेही कारण नसताना."

माई हसल्या. हसताना काय होतं ते फक्त ताईंनाच माहीत होतं. "अगं, पण वेळ तर काढून दिलास ना."

बुधवारी ताई पट्टी कापायला लागल्या, तर माईंनी त्यांचा हात धरला.

"आज नको."

"म्हणजे?"

"काही लावू नकोस. टोप तेवढा बसव."

"माई, डोकं फिरलंय का? सगळ्यांना कळेल."

"कळू दे. नाहीतर सांग, मेकअप केलाय म्हणून. अगं, उभं आयुष्य मी कॅमेऱ्याला चांगली बाजू दाखवत आले. आता मरायचंच आहे, तर समोर बघून मरते."

ताईंनी टोप बसवला, केस विंचरले, आणि ज्या तोंडाला महिनोन्‌महिने सरळ ठेवलं, ते तसंच वाकडं ठेवून माईंना सेटवर घेऊन गेल्या.

दिग्दर्शकाने फोन कानावरून काढला.

"ताई... हे काय?"

"झटक्याने जाते असं वाटलं मला," ताई म्हणाल्या. "नको असेल तर काढते."

"काढू नका!" तो माईंच्या अगदी जवळ येऊन वाकला. "बाप रे. त्या सिनेमात होतं ना, तसंच. त्याहून भारी. चिकटवल्याचा जोड कुठंय पण? मला तर जोडच दिसत नाही."

"हात लावू नका, निघेल!" ताई जवळजवळ किंचाळल्या.

माईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसतायत हे एकट्या ताईंना कळलं.

दिग्दर्शकाने दृश्य बदललं, आजी आता झोपेत नाही, जागेपणी जाणार होती. पलंगाभोवती मालिकेतलं कुटुंब उभं राहिलं. माईंनी सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. त्यांचं शेवटचं वाक्य छोटंच होतं, "पुरे झालं, आता दिवा घालवा," पण 'पुरे'मधला प त्यांच्या ओठात नीट बसला नाही, हवा निघून गेली. रोज त्या प असलेला शब्द चुकवत, दुसरा घालत. आज त्यांनी 'पुरे' तसाच जाऊ दिला. दिव्यांवरचा माणूस मान खाली घालून उभा होता. 'कट' म्हटल्यावर टाळ्या सुरू झाल्या.

त्या टाळ्यांतल्या निम्म्या ताईंसाठी होत्या. वाट्टेल ते लोक येऊन हात हातात घेत होते. "काय केलंय तुम्ही!" जी नायिका गेली कित्येक वर्षं ताईंशी फक्त गालांच्या रंगावरून भांडली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, तुम्ही आर्टिस्ट आहात." दिग्दर्शक म्हणाला, "यंदा पुरस्कारासाठी तुमचं नाव पाठवतोय मी."

"नको," ताई म्हणाल्या. "खरंच नको. मी काही केलेलं नाही."

"बघा, किती साधेपणा!"

ताईंना त्याच्या डोक्यात पावडरचा डबा घालावासा वाटला. इतक्या दिवसांच्या कामाला 'डल' म्हणाला, आणि ज्या दिवशी ब्रश ओला केला नाही त्या दिवशी बक्षीस द्यायला निघालाय. त्यांनी माईंच्या दंडाला धरलं आणि तडक मेकअप रूम गाठली. आत येऊन कडी घातली.

माई खुर्चीत बसल्या. एकदम लहान दिसायला लागल्या. "संपलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा हल्ली तसाही गळायचा, म्हणून ताईंनी विचारलं नाही. नुसता टिपून घेतला.

दारावर थाप पडली.

"माई! सगळे खाली थांबलेत, फुलं आणलीत. मेकअप उतरवा आणि या लवकर. एक फोटो काढायचाय, आपल्या खऱ्या माईंबरोबर!"

दोघींनी आरशात एकमेकींकडे पाहिलं. माईंनी पाठ ताठ केली आणि हनुवटी वर उचलली.

"आलो, आलो! उतरवतेय मेकअप, जरा दम धरा!" ताईंनी ओरडून सांगितलं, आणि ब्रश ओला करून माईंच्या चांगल्या गालापासून सुरुवात केली.