कृपादानचा डेक

कृपादान खलाशी लढाई संपल्यावर लांब रजेवर घरी आला, तेव्हा सगळी ख्रिस्ती वस्ती त्याला आणायला वेशीपर्यंत गेली होती. पांढरी विजार, निळी कॉलर, डोक्यावर गोल टोपी. दयाला तर बापाकडं बघताना ऊर भरून आला. पाथर्डीकडचा हा मुलूख असा कोरडा, की ओढ्याला पूर आला तरी माणसं भाकरी टाकून बघायला पळतात. तिथं आपला बाप दर्यावर असतो हे सांगताना पोरगी शाळेत चार बोटं उंच व्हायची.

हा तोरा आठवडाभरच टिकला. कसा टिकणार, तुम्हीच सांगा! दया म्हातारी झाली तरी हे सांगताना तिचा आवाज चढायचा.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मरियाला, म्हणजे दयाच्या आईला, हुकूम सोडला. "मरिये, डेक धुऊन घे."

डेक म्हणजे जहाजाची जमीन. ती म्हणे रोज पहाटे धुतात. दोरीला बादली बांधायची, खाली सोडायची, समुद्र वर ओढायचा. फुकटचं पाणी! आणि इथं जमीन कसली, तर शेणानं सारवलेली. मरिया काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच हंडा उचलून घरात उपडा केला. घराचं झालं भातखाचर. चिखलात कोंबडी रुतून ओरडायला लागली आणि शेजारची लंकाबाई हसून हसून भिंतीला टेकली. "आरं दाजी, सारवल्याली जिमीन धुत्यात व्हय कुनी?"

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. ह्यानं ओढ्याकाठचे चपटे दगड वाहून आणले, ओट्यावर आणि पुढच्या खोलीत बसवले, सांधे चुन्यानं भरले. काम देखणं केलं, त्यात वाद नाही. कामाला वाघ होता माणूस. पण मग रोज पहाटे त्याची शिट्टी वाजायला लागली. शिट्टी झाली की मायलेकींनी पाणी ओतायचं, विटकरीनं घासायचं, पुन्हा पाणी ओतायचं. मग स्वारी दगडावरून बोट फिरवून बघणार. बोटाला धूळ लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. चैत्रातल्या पाथर्डीत बोटाला धूळ नाही लागणार तर काय अत्तर लागणार?

आणि पाणी कुठून यायचं? वस्तीची विहीर माघातच तळाला गेलेली. गावच्या बारवेवर ह्यांना कुणी पाय ठेवू देत नव्हतं. येशूनं पदरात घेतलं तरी गावानं घेतलं नव्हतं. उरला ओढ्यातला झिरा. वाळूत खड्डा करायचा, तळाशी पाणी निथळायची वाट बघायची, करवंटीनं ते उचलायचं, की पुन्हा वाट बघत बसायचं. एक हंडा भरेस्तोवर सूर्य कासराभर वर यायचा. प्यायला, रांधायला दोन खेपा पुरत होत्या. डेक आला आणि खेपा दुप्पट झाल्या. शेवटची खेप दयाची. शाळेची घंटा तिला रोज झिऱ्यावर बसल्या बसल्या ऐकू यायची.

ते तिचं फायनलचं वर्ष. मिशनच्या शाळेत सातवीला बसलेली ती एकटी मुलगी. पास झाली तर नगरला शिकून मास्तरीण होणार होती. नापास झाली तर मावशीनं कोपरगावच्या साखर कारखान्यातला एक नवरदेव हेरूनच ठेवला होता.

"दया, तुझं गणित मागं पडलंय," आमोस मास्तर एकदा म्हणाले. "सकाळचा गणिताचा तास तू बुडवतेस. असंच चाललं तर तुला परीक्षेला कसं न्यायचं?"

ती घरी येऊन बापाला म्हणाली, "बाबा, पान्यापायी शाळेला उशीर व्हतोय."

"मग लवकर उठत जा," बाप म्हणाला. "आमच्यात उशीर झाला की शिक्षा असती."

त्यात गावाचं कौतुक! पाद्रीसाहेब येऊन ओट्यावर बसून गेले, घर असावं तर असं म्हणाले. आप्पासाहेब पाटील रस्त्यावरूनच ओरडले, "आरसा केलाय रं, कृपादान, आरसा! तोंड दिसतंय." कृपादानची छाती फुगली आणि दयाच्या अंगाचा तिळपापड झाला. आरसा म्हणे! ह्याच आप्पासाहेबांनी भरल्या बारवेतलं तांब्याभर पाणी वस्तीला कधी दिलं नव्हतं. आणि ओट्यावरचं पाणी कुणाच्या डोक्यावरून आलं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. चुंबळीखाली आईच्या टाळूवरचे केस झिजून गेले होते. त्यात कुणाला तोंड दिसलं नाही.

एकदा झिऱ्यावर तिनं आईलाच धारेवर धरलं. "आई, तू बोलत का न्हाईस? तोंडाला कुलूप लावलंय का तुझ्या?"

"किती वर्सानं आल्यात त्ये," मरिया म्हणाली. "लढाईत जहाज बुडाल्याची आवई उठली, तवा म्या जमिनीवर डोकं आपटून प्रार्थना केली हाय. धुऊ दे त्यांना ओटा."

"त्ये कुठं धुत्यात? आपुन धुतो!"

मरिया खड्ड्यात वाकून करवंटीनं पाणी उचलायला लागली.

परीक्षेला निघायचा दिवस उजाडला. मास्तरांनी बैलगाडी ठरवली होती. ती शाळेपुढून निघून दिवसभर चालून नगरला पोचणार होती, आणि दुसऱ्या सकाळी पेपर. दयानं वेणी घातली, भाकरीचं फडकं बांधलं, पुस्तकं उचलली, आणि ओट्यावर शिट्टी वाजली.

"आज मुंबईचा गोरा साहेब आपलं घर बघाया येनार हाय," कृपादान म्हणाला. "पाद्रीसाहेब घेऊन येत्यात. दोन खेपा जास्त लागतील. दये, हंडा घे."

"तिची गाडी हाय," मरिया म्हणाली.

"थांबंल की गाडी."

"न्हाई थांबायची. मास्तर तसं सांगून गेल्यात."

"मग जाऊ दे," कृपादान म्हणाला. "परीक्षा काय, पुढच्या वर्सीबी येती. साहेब काय रोज येतो व्हय?"

दयाच्या हातातून पुस्तकं निसटली. रागानं तिला नीट दिसेना. पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी ती कोपरगावात कुणाची तरी भांडी घासत असणार होती, आणि हा माणूस जहाजावर.

मरियानं कोपऱ्यातला हंडा उचलला, त्यात करवंटी टाकली. दयाला वाटलं, झालं, आई निघाली. पण मरियानं हंडा नेऊन नवऱ्याच्या हातात दिला.

"तुमी जा."

"म्या? आगं, बायामानसाचं काम त्ये—"

"जहाजावर बाया हुत्या व्हय पानी वडायला?"

कृपादानच्या तोंडातून शिट्टी खाली आली. इतक्या वर्षांत बायकोनं त्याला असं कधी विचारलं नव्हतं.

मरिया खाली बसली, पुस्तकं गोळा केली, पदरानं पुसली, दयाच्या हातात दिली. "नीघ तू. मागं बघू नगंस."

गाडी मिळाली. मास्तर पुढं, दया आणि दोन पोरं मागं. रस्ता ओढ्यातून जात होता. उतारावर बैल हळू झाले तसा झिरा दिसला. बायका ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिचा बाप उकिडवा बसला होता. ओळीला न बसता आधी घुसायला गेला असावा, कारण लंकाबाई ओरडत होती, "नंबरानं, दाजी, नंबरानं! हितं दर्या न्हाई."

कृपादाननं खड्ड्यात वाकून पाहिलं. तळाशी वाळू नुसती ओली झाली होती. तेवढ्यात त्याला गाडी दिसली. तो धडपडत उठला, करवंटी तशीच हातात.

"दये," त्यानं विचारलं, "ह्यो हंडा भराया किती येळ लागतो गं?"

झिऱ्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. मास्तरांनी कासरा ओढला. दया गाडीत उभी राहिली.

"रोज मी भरत हुते तवा इचारायचं हुतं, बाबा!" ती ओरडली. "मास्तर, गाडी हाका."