वेल्डिंग मशीनची वायर

मंगळवारी सकाळी ओनेलिओने गाडीला किल्ली लावली, तर नुसती टक् टक्. त्याची बायको नेरेइदा आवरून पोर्चमध्ये बसली होती, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून. शनिवारी तिचं डायलिसिस चुकलं होतं. इस्पितळाची गाडी आलीच नव्हती, डिझेल नाही म्हणून. मी त्यांची शेजारीण. बॉनेट उघडलं तेव्हा मीच हाताशी होते.

बॅटरी ठीक होती. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी काळी केबल त्याने जराशी वाकवली, तशी आतून हिरवी भुकटी सांडली. आतलं तांबंच गंजून गेलं होतं. एवढी जाड वायर आमच्या गावात कुणाकडे असणार? तरी तो पाच दारं फिरून आला. मग माझी सायकल घेऊन बंद पडलेल्या साखर कारखान्यात गेला. तिथे तो एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. रखवालदार आर्सेनिओने मुद्दाम पाठ फिरवली आणि ओनेलिओने, इतकी वर्षं स्वतः जपलेल्या वेल्डिंग मशीनची हातभर वायर कापून आणली. परत आल्यावर बराच वेळ तो माझ्याकडे बघेना.

तांब्याच्या नळीचा तुकडा त्याने वायरीच्या एका टोकावर चढवला, हातोडीने चेपला, चपट्या भागाला भोक पाडलं. दुसऱ्या टोकाला जुन्या केबलचीच पकड बसवली. बॅटरीवरचा थर मी गरम पाणी आणि सोड्याने धुतला. सांगाड्यावरचा गंज तो पॉलिश पेपरने घासत राहिला, खालचं लोखंड चकाकेपर्यंत.

"म्हातारे, दहा मिनिटं," तो ओरडून म्हणाला.

"मघाशीही दहाच होती," नेरेइदा म्हणाली. "घड्याळाचीही केबल गेली वाटतं."

दुपारी एकला गाडी सुरू झाली. ओनेलिओ बॉनेटवर दोन्ही हात टेकून नुसता उभा राहिला. मग बायकोला उचलून आत बसवलं आणि दोघं गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा तिचा चेहरा तसाच राखेसारखा होता. डायलिसिसला चार तास लागणार होते, पण दीड तासातच इस्पितळातलं पाणी गेलं आणि पाण्याशिवाय चालत नाही म्हणून मशीन बंद केली. गुरुवारी या, पण आधी फोन करा, असं नर्सने सांगितलं होतं. गाडीतलं पेट्रोल जाण्यायेण्यात संपलं होतं.

बुधवारी ओनेलिओ कॅन घेऊन निघाला, तर तिने त्याची बाही धरली.

"नको फिरूस. बस इथे."

"वायर मिळाली ना? मग पेट्रोलही मिळेल."

"आणि पाणी? तेही कापून आणशील?"

त्याने बाही हळूच सोडवून घेतली आणि गेला. दोन लिटर मिळालं. त्यात निम्मी वाटही झाली नसती, गुरुवार तसाच गेला. पुढच्या सोमवारी नेरेइदा वारली. शववाहिकेलाही डिझेल नव्हतं. स्मशानापर्यंत मात्र दोन लिटर पुरलं. गाडी ओनेलिओनेच चालवली, मी मागे बसून शवपेटी धरली होती.