लुमेंगने दाखवलेली चाल

फिलिपिन्समधल्या डुमागेते गावी ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला सेल्मो आणि तेबान समोरासमोर आले. दोघे एकमेकांचे व्याही. रविवारी नातवाचा बाप्तिस्मा होता, आणि जेवणाचा मान कुणाच्या अंगणाला, यावरून दोघांत धुसफूस चालली होती. शेवटी पैज लागली: जिंकेल त्याच्या घरी पंगत.

आता तेबानकडे एकटा राजा उरला होता, तोही कोपऱ्यात. सेल्मोकडे राजा आणि वजीर.

"येताना खुर्च्या आणा हं, व्याहीबुवा. आमच्याकडे कमी पडतील," सेल्मो कुजबुजला.

"आधी मात तर करा. बाजारात तुरी!"

"गप्प बसा दोघे!" पंच ओरडले.

घड्याळ पळू लागलं की सेल्मोचं डोकं चालेनासं होई. त्याने हळूच तेबानच्या मागे बसलेल्या आपल्या बायकोकडे, लुमेंगकडे पाहिलं. ती त्याच्याहून सरस खेळायची, पण हे त्याने चारचौघांत कधी कबूल केलं नव्हतं. इथे काही दाखवायला कुणी बोट उचलत नाही. ओठांचा चंबू पुढे केला की पुरे. लुमेंगचा चंबू सरळ पटाच्या कोपऱ्याकडे वळला होता, तेबानच्या राजापासून घोड्याच्या एका उडीवरच्या घराकडे.

सेल्मोने वजीर तिथे ठेवला आणि ऐटीत घड्याळ दाबलं.

तेबानने पट दोनदा न्याहाळला. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं. "पंचसाहेब, मला शह नाही, आणि सरकायला घरही नाही."

"जिच! डाव बरोबरीत."

तक्रार करावी, तर पंचांना सांगणार काय? बायकोने चाल चुकीची दाखवली? सेल्मो तणतणत तिच्याकडे गेला. "अगं, तूच तिकडे ओठ केलेस ना!"

"मी? मी कोनसिंगला माशी दाखवत होते."

शेजारी तेबानची बायको कोनसिंग पंख्याआड हसून लाल झाली होती. "केवढी मोठी माशी होती, भावोजी!"

"मग आता जेवण कुणाकडे?" तेबान मागून आला.

"कुणाकडेच नाही," लुमेंग म्हणाली. "हरलेला वर्षभर तोंड फुगवून बसला असता. जेवण चर्चच्या अंगणात. रांधायचं तुम्ही दोघांनी, आम्ही विहिणी बसून खाणार."

दोघी हातात हात घालून निघूनही गेल्या.

तेबानने घसा खाकरला. "व्याहीबुवा, बाप्तिस्म्याच्या पंगतीला अख्खं डुक्कर लागतं. भाजता येतं तुम्हाला?"

"छे! मला वाटलं, तुम्हाला येतं."