खिळ्यावरचा टॉवेल

आमच्या लाँड्रीत कापड जळायच्या आधी आईला कळतं. वास सुटायच्याही आधी. ती नळाशी माझ्याकडे पाठ करून उभी असते, मी टेबलावर कुणाची तरी पँट इस्त्री करत असते आणि डोक्यात भलतंच काहीतरी चाललेलं असतं. तेवढ्यात ती मागे न बघता ओरडते, "उचल!" मी इस्त्री उचलते. खाली पँट ठणठणीत असते. बाबा म्हणतात, तुझ्या आईला चार नाकं आहेत, त्यातली तीन कायम ड्यूटीवर असतात.

दुकान लांबट आहे. पुढे काउंटर, तिथे बाबा आणि त्यांच्या गप्पा. मधे पडदा. मागे मोठं टेबल, दोन इस्त्र्या, धुलाईची मशीन, नळ, आणि नळाशेजारी खिळ्यावर एक जुना जाड टॉवेल. हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि दवाखान्याच्या चादरी हे आमचं मुख्य काम. शाळेतून आले की मी मागे हात लावते. एरवी मला ते आवडतं. सुरकुतलेलं काहीतरी आपल्या हाताखाली सरळ होतं, असं दुसरं कोणतं काम मला येत नाही.

सातवीत माझी पाळी सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात मी या खोलीच्या फरशीवर आडवी झाले. "दुखतं" हा शब्द मला कधीच पुरला नाही. गुडघा दुखतो, दात दुखतो. मशीनमध्ये न मावणारी ब्लँकेटं आम्ही हाताने धुतो. मग एक टोक आई धरते, दुसरं मी, आणि दोघी उलट्या बाजूंना पिळत जातो, शेवटचा थेंब पडेपर्यंत. माझ्या ओटीपोटात तसंच कुणीतरी पिळतं, फक्त शेवटचा थेंब पडून गेला तरी सोडत नाही. मांड्यांतून कळा जातात. उलटी होते, त्या उलटीत नुकतीच घेतलेली गोळी असते. मग पुन्हा गोळी घ्यायची की नाही, यावर आई आणि मी गोळीकडे बघत बसतो.

लोकांचं म्हणाल तर लोक तोंडाला येईल ते सांगतात. बाबा दर महिन्याला न चुकता विचारतात, "काल काय खाल्लं होतंस?" शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या, "दर महिन्याला बरं तुझीच तब्येत बिघडते!" पाळी दर महिन्याला येते म्हणूनच तिला मासिक म्हणतात, हे मी त्यांना सांगणार होते, पण उभं राहायलाच जमत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली, सगळ्यांनाच होतं गं. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. सगळ्यांनाच होतं, तर मग सगळे उभे कसे? वर्गातल्या बाकीच्या मुली त्या दिवसांत डबा खातात, भांडतात, एकमेकींच्या वेण्या ओढतात. मी बाथरूमच्या फरशीला गाल लावून पडलेली असते.

आई मात्र "सगळ्यांनाच होतं" असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "मलाही व्हायचं. असंच. एक मूल झालं की थांबतं. तू झालीस आणि माझं थांबलं की नाही?"

या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली. दात-ओठ खाऊन पडलेली असताना मी ते जपासारखं म्हणायचे. थांबतं. आईचं थांबलं. त्यात आणखी एक गंमत होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईचं दुखणं माझ्यामुळे गेलं, म्हणजे मी आईचं औषध होते. गणितात नापास, पळण्यात शेवटची, पण जन्माला येताना एक काम तर धड केलं होतं.

एकदा फारच असह्य झालं तेव्हा मी काउंटरवर जाऊन बाबांना विचारलं, "बाबा, माझं लग्न लवकर नाही का करता येणार?" बाबा आधी गार पडले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे कितीतरी दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या मॅनेजरीणबाईंना नवरा हवाय. कडक इस्त्रीचा!" गिऱ्हाइकं हसायची. मला नवरा नको होता, मूल तर त्याहून नको होतं. मला हे थांबायला हवं होतं, आणि थांबण्याचा एवढा एकच रस्ता मला कुणीतरी दाखवला होता.

तोवर माझा आधार म्हणजे तो खिळ्यावरचा टॉवेल. त्याची चौपदरी घडी घालायची, इस्त्री फुल करून त्यावर दाबून धरायची आणि चटकन पोटाशी कपड्यांच्या आत खोचायची. आधी नुसता गरम पुरायचा. मग कढत लागायला लागला. काट्याने काटा काढतात तसं होतं ते. कातडी पोळायला लागली की आतली कळ तेवढी दोन-चार क्षण मागे सरते, आणि त्या दोन-चार क्षणांसाठी मी काहीही केलं असतं. कापडाला कोवळा चटका बसला की पिवळट तपकिरी रंग चढतो आणि तो धुऊन जात नाही. माझ्या पोटावर तशी जाळी उमटली होती. अंघोळ करताना मी खाली बघायचे नाही. टॉवेलही मधोमध तपकिरी झाला होता. आईच्या लक्षात आलं तर काय सांगायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. पण तिने कधी विचारलं नाही. तिच्या नाकातून एवढी गोष्ट कशी सुटली, याचं मला नवल वाटायचं.

नववीच्या मध्यावर मी शाळेत फळ्यासमोर कोसळले. बाईंनी बाबांना फोन केला. बाबा एवढे घाबरले की त्या दिवशी "काल काय खाल्लं होतंस" हेही त्यांनी मला विचारलं नाही. ते आईला म्हणाले, "आता डॉक्टरकडे ने हिला." आई म्हणाली, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही." पण बाबा पहिल्यांदाच ऐकेनात, आणि आम्ही दोघी गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने आईएवढ्याच होत्या. त्यांनी मला जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. किती दिवस? उलट्या होतात? झोपेतून जाग येते? शाळा किती बुडते? मी एकेक सांगत गेले आणि त्या मान वर न करता लिहीत गेल्या. हसल्या नाहीत, "सगळ्यांनाच होतं" म्हणाल्या नाहीत. कपड्यांवरूनच पोट दाबून बघितलं. मग चिठ्ठ्यांचं एक पॅड पुढे ओढलं. "मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफी करून घेऊ. कधीकधी आत काहीतरी असतं, ते लवकर कळलेलं बरं." आणि लिहिता लिहिता आईला विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास? तुम्हाला?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "होता. ही झाली आणि थांबला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघून छान हसल्या. "मग बघ, घरातच उदाहरण आहे. एवढं घाबरायचं कारण दिसत नाही. आधी गोळी बदलून बघू." ते पॅड त्यांनी बाजूला सारलं आणि दुसऱ्या कागदावर गोळीचं नाव लिहिलं.

बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. डॉक्टरांसमोर सांगितलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रस्त्याने मी आईचा हात धरून चालले, जो मी पाचवीनंतर धरला नव्हता. तिचा हात घामाने ओला होता. मला वाटलं, दवाखान्याची भीती.

नव्या गोळीने एक महिना बरा गेला. पुढच्या महिन्यात ये रे माझ्या मागल्या.

त्यानंतरची गोष्ट. मी शाळेतून आले तर आई म्हणाली, "आज तू काउंटरवर बस. मागे फार उकडतंय." ती अधूनमधून असं म्हणायची. मला वाटायचं, लेकीची दया येते. बाबा हॉटेलचे गठ्ठे पोचवायला गेले होते. मी शर्टांना चिठ्ठ्या लावत बसले होते, आणि मला वास आला.

मला. आईला नाही, मला आला. आधी वाटलं शेजारून येतोय. मग पडद्याखालून धूर दिसला. मी आत धावले. टेबलावर हॉटेलचा पांढरा टेबलक्लॉथ पसरलेला होता आणि त्यावर इस्त्री पालथी पडली होती. भोवती काळं वर्तुळ वाढत होतं. आई कुठे नव्हती. मी इस्त्री उचलली, वायर ओढली, आणि मग टेबलाच्या पलीकडे मला तिचे पाय दिसले.

ती फरशीवर कुशीवर पडली होती. गुडघे छातीशी, गाल फरशीला. मी कशी पडते हे मी कधी बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं.

"आई!"

"ओरडू नकोस," ती दातांमधून म्हणाली. "होईल आत्ता. कापड गेलं का?"

"मरू दे कापड!"

खिळ्यावर टॉवेल नव्हता. तिच्या एप्रनच्या आत काहीतरी चौकोनी फुगलेलं होतं. मी हात घातला आणि भाजला म्हणून मागे घेतला. मग एप्रन सोडला, कपडे वर केले, टॉवेल ओढून काढला. ती नको नको म्हणत होती, पण माझा हात धरायची ताकद तिच्यात नव्हती.

तिच्या पोटावर जाळी होती. माझ्यासारखी, पण माझ्याहून दाट, बेंबीपासून पार खालपर्यंत. जुन्या काळपट रेघा, त्यांच्यावर तपकिरी, आणि त्यांच्यावर आजचा लालभडक चौकोन. मी टॉवेलकडे बघितलं. मधोमध तपकिरी. तो मी एकटीने नव्हता केला.

"हे कधीपासून?"

"आजच जरा..."

"आई."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "तुझ्याएवढी असल्यापासून."

"मी झाल्यावर थांबलं होतं ना?"

"तू पोटात होतीस ना, तेव्हा थांबलं होतं," ती म्हणाली. "खरंच. एकदाही नाही दुखलं. मग तू झालीस, आणि पुन्हा..." पुढचं वाक्य कळेत गेलं. तिने माझं मनगट पकडलं आणि एवढं आवळलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सोडवलं नाही.

कळ ओसरल्यावर मी विचारलं. "डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. तू खोटं का सांगितलंस?"

"तू समोर बसली होतीस," आई म्हणाली. "तुझ्यासमोर कसं सांगू, की थांबत नाही म्हणून?"

मला तिचा राग आला. एवढा राग मला खेळाच्या बाईंचा, काकूंचा, कुणाचाच आला नव्हता. हिला सगळं माहीत होतं. सगळ्या जगात हिला एकटीला माहीत होतं. आणि राग येत असतानाच मी तिचे कपडे खाली ओढून नीट करत होते, कारण फरशी गार होती.

"तुला कुणी सांगितलं होतं, मूल झालं की थांबतं म्हणून?"

"माझ्या आईने."

"तिचं थांबलं होतं?"

आईने डोळे उघडले. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.

पुढे दुकानाचं दार वाजलं. बाबांचा आवाज आला, "अरे! काय जळलं? चारही नाकं सुट्टीवर का आज?"

"काही नाही!" आईने फरशीवरून उत्तर दिलं, रोजच्या आवाजात. त्या आवाजात कुठे बारीकशीही सुरकुती नव्हती. काउंटरवर बसून मी असाच आवाज किती वेळा ऐकला असेन, आणि मला वाटलं असेल की आई मागे काम करतेय.

मी तिच्या कानाशी वाकले. "उद्या आपण दोघी जाऊ डॉक्टरांकडे. तू खरं सांग."

"बघू," आई म्हणाली.

तेवढ्यात पुढची कळ आली. तिने गुडघे ओढून घेतले आणि गाल पुन्हा फरशीला लावला. मी उठले. वायर लावली, जळलेला टेबलक्लॉथ बाजूला केला, टॉवेलची चौपदरी घडी घातली आणि इस्त्री तापायची वाट बघत उभी राहिले. माझा स्वतःचा दिवस जवळ आला होता, कंबर सकाळपासूनच भरून आली होती. इस्त्री तापल्यावर मी ती टॉवेलवर दाबून धरली आणि मग टॉवेल तिच्या पोटाशी नेला.

"पुरे एवढा?" मी विचारलं.

आईने मान हलवली. "अजून गरम कर."